भाडेकरू, कामगार आणि स्थलांतरित कुटुंबे : वास्कोतील एका नगरसेविकेचे प्राधान्यक्रम, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रभागातील बैठकांत, बाजारात आणि संध्याकाळी माझ्या घराच्या बलकांवावर बसून लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे मी येथे एकत्र लिहिली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांत गदग-बागलकोटहून आलेले गवंडी आहेत, ओडिशाचे खलाशी आहेत, पेडणे-सत्तरीतून नोकरीसाठी वास्कोत येऊन खोली घेतलेली गोमंतकीय जोडपी आहेत, आणि दोन खोल्यांच्या भाड्यावर महिना काढणाऱ्या घरमालक बायाही आहेत. सर्वांना उद्देशून लिहिताना मी एकाची बाजू दुसऱ्यापासून लपवलेली नाही.

तुमचे पहिले प्राधान्य कोणते?

या शहरात राहणाऱ्या आणि राबणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद असावा, हे माझे पहिले प्राधान्य आहे. कागद म्हणजे भाड्याची पावती, लेखी करार, हजेरीची नोंद, विक्रीचे प्रमाणपत्र. ऐकताना ही किरकोळ बाब वाटते, पण माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी शेवटी येथेच येऊन अडतात.

मांगोर हिलच्या उतारावर अकरा खोल्यांची एक रांग आहे. सर्वांना मिळून एक नळ आहे आणि पाणी पहाटे येते, त्यामुळे साडेतीनलाच निळे पिंप रांगेत लागतात. प्रत्येक खोलीच्या दारावर खडूने एक आकडा लिहिलेला असतो, तो त्या महिन्याच्या विजेच्या युनिटचा. पैसे दिले की मालकाचा माणूस तो आकडा ओल्या फडक्याने पुसतो आणि त्या कुटुंबाने पैसे दिल्याचा एकमेव पुरावा त्याबरोबर पुसला जातो. तेथे सात वर्षे राहिलेल्या एका बाईंना मुलाच्या शाळेसाठी पत्त्याचा पुरावा हवा होता, आणि सात वर्षांच्या वास्तव्याचा एक चिटोराही त्यांच्याकडे निघाला नाही. मी जे काही करू पाहते आहे, त्याची सुरुवात त्या दारावरच्या खडूपासून होते.

पालिका घरभाडे कमी करू शकते का?

नाही, आणि तसे आश्वासन मी कोणालाही दिलेले नाही. मालक आणि भाडेकरू यांच्यातील वाद ‘गोवा, दमण आणि दीव इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा, १९६८’ अन्वये भाडे नियंत्रकापुढे किंवा दिवाणी न्यायालयात जातात. पालिका मंडळाला त्यात अधिकार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नगरपालिकांसाठी मांडले, त्यांत झोपडपट्टी सुधारणा, शहरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय आहेत. भाडे त्यांत नाही.

मात्र भाडे कशामुळे चढते, याकडे पालिकेला पाठ फिरवता येणार नाही. विमानतळ, बंदर आणि किनारा जवळ असल्यामुळे पूर्वी वर्षभरासाठी दिल्या जाणाऱ्या खोल्या आता पर्यटकांना दिवसाच्या हिशोबाने दिल्या जातात. अशा व्यवसायाची नोंदणी पर्यटक व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२ नुसार पर्यटन खात्याकडे होणे आवश्यक आहे. प्रभागातील कोणती घरे निवासी दराने घरपट्टी भरतात आणि प्रत्यक्षात पर्यटकांना दिली जातात, याची पडताळणी करून व्यावसायिक दर लावावा, अशी मागणी मी मंडळाच्या बैठकीत मांडत राहीन. याने भाडे एका रात्रीत उतरणार नाही, परंतु वर्षभर राहणाऱ्या कुटुंबाला खोली देणाऱ्या मालकाला आज जो तोटा वाटतो, तो काही अंशी तरी कमी होईल.

आम्ही घरमालक आहोत. लेखी करार केला, तर भाडेकरू उद्या मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवरील घरात राहणारा, कायद्याने न हटवता येणारा रहिवासी) होऊन बसणार नाही ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांची भीती मला खोटी वाटत नाही. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांनी भाटकारांच्या, म्हणजे जमीनमालकांच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांना संरक्षण दिले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यातून “माणूस राहिला की घर गेले” अशी एक समजूत गोव्यातील घराघरांत रुजली, आणि आजही एकट्या राहणाऱ्या वयस्क आजी आपल्या मागील खोलीला कुलूप लावून ठेवतात, पण ती भाड्याने देत नाहीत.

कायद्यात मुंडकाराची जी व्याख्या आहे, तिच्यातून राहत्या घरासाठी भाटकाराला भाडे देणारी व्यक्ती वगळलेली आहे. म्हणजे भाड्याची पावती ही मालकाच्या विरोधात जाणारी गोष्ट नाही. ती व्यक्ती भाडेकरू म्हणूनच राहत होती, हे त्या पावतीनेच सिद्ध होते. उलट तोंडी व्यवहारात, पुढे वाद झाला तर, कोण कोणत्या नात्याने तेथे राहत होते हे दोन्ही बाजूंना साक्षीदार उभे करून सांगावे लागते. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायदा, १९०८ नुसार नोंदवावा लागतो, म्हणून आपल्याकडे अकरा महिन्यांचे करार करण्याची पद्धत पडली. तसा करार तरी करावा, तो मुद्रांकावर असावा, आणि त्याची एक प्रत भाडेकरूच्या हातात असावी, एवढा माझा आग्रह आहे. मराठी, कोकणी, कन्नड आणि हिंदी या चार भाषांत एका पानाचा साधा नमुना प्रभाग कार्यालयात ठेवण्याचे काम मी हाती घेतले आहे.

डिपॉझिट किती मागावे किंवा द्यावे?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे. तो मसुदा राज्याने कायदा केल्याशिवाय बंधनकारक होत नाही, परंतु आमच्या नमुना करारात आम्ही हाच निकष ठेवणार आहोत. डिपॉझिट परत मिळण्यावरून होणारी भांडणे टाळायची असतील, तर खोली ताब्यात घेताना भिंती, नळ, पंखा आणि मीटर यांचे फोटो दोघांनीही आपल्या मोबाइलमध्ये काढून ठेवावेत.

मालकाने सामान बाहेर फेकले किंवा दाराला दुसरे कुलूप लावले, तर काय करावे?

भाडे थकले असले तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणालाही घराबाहेर काढता येत नाही. अशा प्रकारे ताबा हिरावला गेला, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न आड येत नाही. ही सहा महिन्यांची मुदत फार महत्त्वाची आहे. लोक आधी मुकादमाकडे, मग ओळखीच्या कार्यकर्त्याकडे आणि मग माझ्याकडे येतात, तोवर निम्मी मुदत उलटलेली असते.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

भाडेकरूंची पोलिस पडताळणी करण्याला तुमचा विरोध आहे का?

विरोध नाही. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणे ही मालकाची जबाबदारी आहे आणि ती त्याने खोली देतानाच पार पाडावी. परदेशी व्यक्तीला जागा दिल्यास चोवीस तासांच्या आत तिची माहिती ठरलेल्या फॉर्ममध्ये (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) द्यावी लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की पडताळणीचा अर्ज भरल्यानंतर त्याची पोच भाडेकरूलाही मिळावी. ज्या कुटुंबाने आपली सर्व माहिती सरकारला दिली, त्या कुटुंबाला रात्री-अपरात्री पुन्हा ओळखपत्रासाठी उठवले जाऊ नये.

पालिकेची कामे कंत्राटदाराकडून होतात. सफाई कामगारांसाठी तुम्ही काय करणार?

येथे मात्र अधिकार पालिकेच्या हातात आहे, म्हणून येथे मी सबब सांगणार नाही. कचरा उचलणे, गटारे साफ करणे आणि बाजार झाडणे ही कामे कंत्राटाने दिली, तरी मुख्य नियोक्ता पालिकाच राहते. कंत्राटदाराने पगार बुडवला, तर त्याचे उत्तर पालिकेने दिले पाहिजे.

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि कामावरून काढल्यास किंवा कामगाराने स्वतः काम सोडल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब चुकता करावा लागतो. म्हणून कंत्राटदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी त्याने मागील महिन्याचे पगार बँकेत जमा केल्याचे विवरण, भविष्य निर्वाह निधीचे चलन आणि ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) चलन जोडलेच पाहिजे, असा ठराव मी मांडते आहे. ईएसआयमध्ये कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि सव्वातीन टक्के मालकाने भरायचे असतात. पगारातून कापलेले पैसे पुढे भरलेच गेले नाहीत, हे कामगाराला दवाखान्याच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळावे, यासारखा अन्याय नाही. हातमोजे आणि गमबूट किती जोड आले याची नोंद कंत्राटात असते. ते कोणाला दिले याची सहीनिशी नोंद मला पाहायची आहे.

बांधकामावर काम करणाऱ्यांनी कोणती नोंदणी करून ठेवावी?

मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या आणि १८ ते ६० वयाच्या कामगाराला कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते. बांधकामाच्या खर्चावर जो उपकर गोळा होतो, तो याच कामगारांसाठी असतो. पण नव्वद दिवसांचा दाखला देणारा मुकादम हंगाम संपल्यावर दुसऱ्या गावी निघून गेलेला असतो. दर महिन्याला मुकादमाकडून वहीत सही घेण्याची सवय लावून घ्यावी. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झाले, त्यावरील नोंदणी वेगळी आहे आणि तीही करावी.

गोव्यात बांधकाम कामगारांना आरोग्य केंद्राकडून हेल्थ कार्ड घ्यावे लागते. मलेरियाच्या तपासणीसाठी ही पद्धत आली. कामगाराला ती डोकेदुखी वाटते, परंतु कंत्राटदाराने कार्ड काढून दिले की त्या कामगाराचे नाव, कामाची जागा आणि तारीख एका सरकारी कागदावर येते. माझ्या दृष्टीने या कार्डाचे हे दुसरे मोल पहिल्याइतकेच मोठे आहे.

रस्त्यावर भाजी, फळे किंवा मासळी विकणाऱ्यांनी सोपो (बाजारात बसण्याचे शुल्क) भरला की ते अधिकृत होतात का?

सोपोची पावती म्हणजे विक्रीचा परवाना नाही. ती फक्त त्या दिवशीच्या जागेच्या पैशांची पोच आहे. तरीही ती जपून ठेवावी, कारण आपण किती वर्षे त्या बाजारात बसतो हे तिच्यावरून दाखवता येते.

फेरीवाल्यांसाठी खरा आधार २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यानुसार शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असावे लागतात, आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे असते. ते पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. हलवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा असतो, आणि जप्तीच्या वेळी यादी करून तिची प्रत द्यायची असते.

काही वर्षांपूर्वी एका बाजारात जप्तीनंतर परत मिळालेली टोपली मी पाहिली होती. त्या बाईंनी पहाटे भरून आणलेली मिरची आणि कोथिंबीर दोन दिवस बंद खोलीत राहून काळी पडली होती, आणि त्या तिथेच जमिनीवर बसून एकेक चांगली मिरची वेगळी काढत होत्या. यादी केली गेली नव्हती, म्हणून कोणाकडे भरपाई मागायची हेही त्यांना सांगता येईना. पथकाने यादीचे पुस्तक सोबत घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, ही माझी मागणी तेव्हापासूनची आहे.

बाजारात बसणाऱ्या गोमंतकीय स्त्रियांनाही हाच कायदा लागू होतो. गावठी भाजी, केळी, फुले, सुंगटे (कोळंबी) घेऊन येणाऱ्या बायांच्या जागेचे रक्षण त्याच प्रमाणपत्राने होणार आहे. म्हणून स्थानिक आणि परप्रांतीय विक्रेत्यांची झुंज लावून देण्यात कोणाचेही हित नाही.

ट्रॉलरवरील खलाशांकडे पालिका का लक्ष देईल? ते तर बोटीवरच राहतात.

ते बोटीवर राहतात म्हणूनच लक्ष दिले पाहिजे. २०२४ मध्ये सासष्टीतील कुटबण जेटीवर खलाशांमध्ये कॉलरा पसरला आणि काहींचे प्राण गेले. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि शौचालय या दोन गोष्टी पुरेशा नसल्या की काय होते, ते सगळ्या गोव्याने पाहिले. वास्कोतील खारीवाडा येथेही माणसे तशाच बोटींवर झोपतात आणि तशाच पिंपांतून पाणी पितात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बरेच जण गावी जातात आणि ऑगस्टमध्ये परततात. ते परतण्यापूर्वी जेटीवरील शौचालये दुरुस्त व्हावीत, पाण्याची तपासणी व्हावी आणि आरोग्य केंद्राचे पथक तेथे बसावे, असे वेळापत्रक मी संबंधित खात्यांकडे मागितले आहे. बोटमालकांनीही खलाशांची नावे, गाव आणि घरचा फोन क्रमांक यांची यादी किनाऱ्यावर ठेवावी. समुद्रात काही अघटित घडले, तर निरोप कोणाला द्यायचा हेच माहीत नसते.

गावचे रेशनकार्ड गोव्यात चालते का? मुलांच्या शाळेचे काय?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील कार्ड असेल तर चालते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत १ जानेवारी २०२० रोजी ज्या बारा राज्यांत ही सोय सुरू झाली, त्यांत गोवा आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये होती. आधार जोडलेले असले, की अंगठा लावून येथील रास्त धान्य दुकानात धान्य घेता येते. आणि कुटुंबातील काही माणसे गावी असतील, तर त्यांचा वाटा ती तिकडे घेऊ शकतात.

शाळेबाबत शिक्षण हक्क कायदा, २००९ स्पष्ट आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. कोणी नाकारला, तर त्या दिवशीच मला कळवावे. मी स्वतः शाळेत येईन.

सरकारी योजनांचा लाभ का मिळत नाही?

राज्याच्या अनेक योजनांना वास्तव्याची अट आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी पाच वर्षांचे, तर गृह आधारसाठी पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. अट योग्य की अयोग्य हा विधानसभेचा विषय आहे. परंतु अट पूर्ण करणारे कुटुंब केवळ पुरावा नसल्यामुळे बाहेर राहते, तेव्हा तो माझा विषय होतो, आणि आपण पुन्हा दारावरच्या त्या खडूपाशी येऊन थांबतो.

हे सर्व मतांसाठी चालले आहे, असे लोक म्हणतात.

मतदार यादीत नाव कोणाचे असावे हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० ठरवतो. जो जेथे सर्वसाधारणपणे राहतो, त्याने तेथील यादीत असावे, आणि एका वेळी एकाच ठिकाणी असावे. गावी नाव ठेवून येथेही नोंदवणे हा गुन्हा आहे, आणि असे नाव दिसल्यास त्यावर हरकत घ्यायला मी स्वतः सांगते. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरावा. येथे मत नसलेल्या माणसाचा पगार बुडाला, तरी तो बुडालेलाच असतो.

गोमंतकीयांचे प्रश्न बाजूला ठेवून बाहेरच्यांसाठी एवढे का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि त्या रागामागे खरी काळजी असते : जमीन हातची जाते आहे, नोकऱ्या मिळत नाहीत, डोंगर कापले जात आहेत. ही काळजी मलाही आहे. पण डोंगर कापणारे यंत्र चालवणारा मजूर आणि त्या कामाची परवानगी मिळवणारा मालक यांत फरक केला पाहिजे. कमी पगारात, करार नसताना, तक्रार करता न येणारा मजूर मिळतो, म्हणूनच स्थानिक तरुणाला योग्य पगाराची नोकरी नाकारली जाते. परप्रांतीय कामगाराला कायद्याप्रमाणे किमान वेतन द्यावे लागले, तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या गोमंतकीयाचे वेतनही टिकते.

शिवाय आपणही बाहेर गेलेली माणसे आहोत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोमंतकीयांच्या गावोगावच्या कूडी, म्हणजे एकत्र उतरण्याच्या खोल्या, उभ्या राहिल्या, कारण बोटीवर चढण्यापूर्वी आपल्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी होती. आखातात गेलेल्या मुलाचा पासपोर्ट मालकाने काढून घेतला की त्याच्या आईचा जीव कसा टांगणीला लागतो, हे या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ‘घाटी’ हा शब्द मी माझ्या बैठकीत वापरू देत नाही.

घर अनधिकृत जागेत असेल आणि नोटीस आली, तर?

नोटीस फाडू नका आणि घाबरून सहीही करू नका. तारीख लिहून ती घेऊन या. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी आवश्यक ठरवली. मात्र रस्ता, पदपथ, लोहमार्ग, नदी किंवा जलाशय यांवरील बांधकामांना ते संरक्षण लागू नाही, हेही मी स्पष्ट सांगते. खोटी आशा दाखवून उपयोग नाही. वास्कोतील बायणा किनाऱ्यावरील वस्ती जून २००४ मध्ये, ऐन पावसाळ्यात, पाडली गेली. पाडकाम कायदेशीर असले तरी ते पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत होऊ नये, आणि आधी कुटुंबांची यादी व्हावी, ही भूमिका मी मंडळात मांडत राहीन.

तक्रार घेऊन येताना काय आणावे?

ओळखपत्र असेल तर आणावे, नसेल तरी यावे. भाडे ऑनलाइन दिले असेल तर मोबाइलमधील नोंदी, रोख दिले असेल तर तारखा लिहिलेली वही, सोपोच्या पावत्या, मुकादमाचा फोन क्रमांक, हजेरीचा फोटो, जे हाताशी असेल ते पिशवीत घालून आणावे. लिहिता येत नसेल, तर कार्यालयात तुमच्या भाषेत ऐकून अर्ज लिहून दिला जाईल, तो तुम्हाला वाचून दाखवला जाईल, आणि शिक्का मारलेली त्याची पोच घेऊनच घरी जावे. दारावर खडूने लिहिलेला आकडा असेल, तर पुसण्यापूर्वी त्याचाही फोटो काढून ठेवावा.